काका, करखात्याची बाजू मी मांडली

काका, तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मला आधी राग आला. रडू नंतर आलं, तुमच्या दारात चपला काढताना. वाद ऐन रंगात आलेला, चर्चासत्र तोंडावर, आणि तुम्ही मधूनच उठून गेलात. मैदान सोडणाऱ्याची तुम्ही किती टिंगल करायचा! मला तर कुकर लावायला उठले तरी म्हणायचा, "पळाली पाह्य, पळाली!" आता मी कुणाला काय म्हणू?

काकूंना भेटायला माणसं येतात. आयकर खात्यात तुम्ही कुठल्या पदावर होता, कुठं कुठं बदल्या झाल्या, ते एकमेकांना सांगतात. त्यातलं मला काही आठवत नाही. मला आठवते ती सेक्टर बावीसमधली तुमची गच्ची, हिवाळ्यातलं ऊन, काकूंच्या मांडीवरचं मटाराच्या शेंगांचं ताट, आणि तुमचा तो एकच प्रश्न: "मंग थो पैसा गेला कुठी?" निवृत्त होऊन इतकी वर्षं चंदीगडला राहिलात, हिंदी पंजाबी ढंगाची झाली, पण वादाला तोंड फुटलं की अकोला बाहेर यायचंच.

आपली ओळख झाली तीसुद्धा कुरबुरीतच. माझा नवरा हवाई दलात, त्याची इथं बदली झाली, मी सांगलीची, आणि नोकरी मुंबईच्या एका आयुर्विमा कंपनीत, काम घरून. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात मी अ‍ॅक्चुअरी आहे असं सांगितलं, तर दोघी-तिघींनी पॉलिसी काढायची आहे म्हणून फोन नंबर मागितला. तुम्ही तेवढे लांबून ओरडलात, "अ‍ॅक्चुअरी? म्हणजे आमच्या खात्याले छळणारी जमात!" मला इतका आनंद झाला काका! या गावात माझं काम काय आहे हे कळणारा एक तरी माणूस भेटला, मग तो शत्रुपक्षातला का असेना.

काकूंना मात्र ते समजावून सांगायला मला पूर्ण दुपार लागली होती. विमा कंपनी आज हप्ता घेते आणि वचन पुढचं देते. माणसं कधी जातील, किती जगतील, किती जण मध्येच पॉलिसी सोडतील, याचा अंदाज बांधायचा आणि ती वचनं पाळायला आज किती रक्कम बाजूला ठेवायला हवी ते सांगायचं. हे आमचं काम. त्या बाजूला ठेवलेल्या रकमेला राखीव म्हणायचं. राखीव ठेवून वर जे उरलं, त्यावर तुमच्या खात्याचा कर. म्हणजे राखीव जितकी मोठी, तितका कर कमी. "आणि राखीव किती ते ठरवणार कोण?" तुम्ही मध्येच विचारलंत. मी म्हटलं, आम्ही. तुम्ही काकूंकडे वळून म्हणालात, "ऐकलं? मांजराच्याच हाती शिंक्याची दोरी."

पण तुम्हाला हे खरं समजलं ते गणपतीत. तुम्ही मंडळाचे खजिनदार. महाप्रसादाला किती पानं होतील ते सांगायचं काम तुम्ही माझ्या गळ्यात घातलंत. "लोकं मरतीन किती ते सांगते, मंग जेवाले येतीन किती ते सांग ना." मी लष्करी छावणीतून किती येतात, मोहालीहून किती, सगळं विचारून आकडा काढला. मग कमी पडू नये म्हणून त्यावर थोडं जादा धरलं आणि ते कुणाला बोलले नाही. आमच्या धंद्यात तशी सवयच लागते. काकूंनी त्या आकड्यावर ऐनवेळच्या पाहुण्यांचं म्हणून गुपचूप वाढवलं. आणि तुमच्या बाजारातल्या सरदारजी हलवायानं काकूंच्या आकड्यावर आपल्या मनानं चढवलं. "बाप्पा का काम है जी, कम नहीं पड़ना चाहिए." तिघांनीही शहाणपणाच केला, पण एकमेकांना न सांगता. मसालेभात इतका उरला की बसस्टँडवरच्या कंडक्टरांपासून मुलींच्या होस्टेलपर्यंत सगळ्यांनी खाल्ला, आणि तरी आमच्या फ्रिजमध्ये पुढचे कितीतरी दिवस दुसरं काही मावत नव्हतं.

मी शरमेनं कोपऱ्यात उभी आणि तुम्ही त्या पातेल्यापाशी खूश! "समजलं मले! हीच ना तुमची राखीव? अंदाजावर जादा, त्या जादावर जादा, आणि कोणी कोणाले सांगतच नाई." काका, खरं सांगते, माझ्या परीक्षेच्या पुस्तकांत इतकं सोपं करून कुणी लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, विमा कंपन्यांच्या हिशेबाचे आता येणारे नवे नियम हेच सांगतात. माणसं खरी किती येतील तो अंदाज वेगळा सांगा, आणि भीतीपोटी धरलेलं जादा किती ते वेगळं, उघड सांगा. तुमचे डोळे चमकले. "म्हणजे नियम बदलला का त्या दिवशी राखीव कमी दिसन?" काही कंपन्यांची दिसेल, आमची दिसेल, असं मी म्हटलं. "मंग जे कमी झालं ते उरलं. उरलं त्यावर कर. झालं!" मी म्हटलं, उरलं कसं काका? पंगत अजून उठली कुठंय?

तिथून जो वाद सुरू झाला तो पूर्ण हिवाळा पुरला.

माझं म्हणणं तुम्हाला पाठ होतं. ज्या दिवशी नियम बदलतो त्या दिवशी कुणी मरत नाही, कुणी पॉलिसी सोडत नाही, तिजोरीत एक पैसा जास्तीचा येत नाही. फक्त मोजायची रीत बदलते. मग त्या एका दिवसात कागदावर उगवलेल्या रकमेवर एकदम कर मागितला, तर कंपनी तो देणार कुठून? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शेवटी कात्री लागणार पॉलिसीवाल्यांच्या बोनसला. मी हे तावातावानं सांगत होते तेव्हा काकू शेंगा सोलता सोलता थांबल्या आणि म्हणाल्या, "माझा बोनस कमी होणार की काय?" मी म्हटलं, "हो," त्याच क्षणी तुम्ही म्हणालात, "नाही." काकूंनी आपल्या दोघांकडे असं काही बघितलं की दोघांनीही मुकाट्यानं मटार सोलायला घेतले.

तुमचा वार मात्र खोल जायचा. "तू मले काय सांगून रायली?" तुम्ही म्हणायचा. "इतकी वर्षं तुम्ही राखीव फुगवून दाखवली. अ‍ॅक्चुअरीनं सही केली म्हणून आम्ही मानली, कर कमी घेतला. तवा नाई म्हटलं का हा नुसता कागदावरचा आकडा आहे! आता थोच आकडा उतरला तर म्हणता खरा नाई. मंग आधीचा खरा होता का?" मला राग यायचा. मी वेगळीकडून शिरायचे. नव्या रीतीत अजून न कमावलेला नफाही वेगळा मांडून ठेवावा लागतो, त्याला तुम्ही काय म्हणणार, देणं की मिळकत? तुम्ही हसून म्हणायचा, "विषय बदलून रायली." आणि खरंच मी विषयच बदलत असायचे.

आपल्या वादाला बघे होते. तुमचे शेजारी, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, आणि माझी लेक, जिला मराठी सगळं समजतं आणि जी उत्तर हिंदीत देते. ती एकदा म्हणाली, "काका, आप दोनों same बात तो बोल रहे हो. टैक्स देना है, बस कब देना है वो fight है." तुम्ही तिला "मराठीत सांग" म्हणून दटावलंत, आणि तिनं मराठीत सांगायच्या आत विषय दुसरीकडे नेलात. ते माझ्या लक्षात आलं होतं बरं का.

मोहालीच्या नॉलेज सिटीतल्या एका संस्थेत चर्चासत्र ठेवायची कल्पना तुमचीच. "तुमच्या कंपनीत नको, आमच्या खात्यात नको. अशी जागा पाहिजे का जिथं दोघांचाही चहा उधार असन." खात्यातल्या नव्या अधिकाऱ्यांना तुम्ही अजून शिकवायला जात होता, ते येणार होते. काही विमा कंपन्यांची माणसं येणार होती. त्यांतले एक-दोघे पुढे नियमांवर सूचना पाठवणाऱ्या गटात होते, त्यामुळे तिथं जे बोललं जाईल ते हवेत विरणार नव्हतं. तुम्ही खात्याच्या बाजूनं, मी कंपन्यांच्या.

शेवटचे भेटलात तेव्हा इथली पानगळ सुरू होती. सगळीकडे वसंतात पालवी फुटते आणि या गावात पानं गळतात, याचं तुम्हाला दरवर्षी नव्यानं नवल. फाटकापर्यंत सोडायला आलात आणि म्हणालात, "तुझा एक मुद्दा बरोबर आहे. हिवाळाभर मी थो टाळून रायलो."

"कुठला?"

"सत्रात सांगीन."

"काका, सांगा की! असं काय करता?"

"भर सभेत मान्य करीन. इथं फुकटात नाई."

मी रिक्षात बसून हसत होते. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, काका एक पाऊल मागं आलेत. मग पहाटे फिरायला म्हणून निघालात आणि जिन्यातच बसलात, आणि संपलं सगळं.

तुमच्यावर माझा किती जीव होता ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आपल्यात तशी भाषाच नव्हती. मी तुम्हाला आग्रही म्हणायचे, तुम्ही मला जमात म्हणायचा, आणि त्यातच सगळं भागायचं. माझे वडील मी शिकत असताना गेले. माझ्या कामाबद्दल मला खोदून खोदून विचारणारं, माझं ऐकून चिडणारं, दुसऱ्या दिवशी नवा मुद्दा घेऊन फोन करणारं वडीलधारं माणूस मला तुमच्या रूपानं मिळालं. हे जिवंतपणी बोलले असते तर तुम्ही "मायबाई!" म्हणून हात झटकले असते. झटका आता.

काकूंना मी भीत भीत विचारलं, काकांनी सत्रासाठी काही लिहून ठेवलं होतं का? त्या म्हणाल्या, "ते कधी लिहायचे गं? सगळं डोक्यात. सामान आणायची यादीसुद्धा डोक्यात, आणि मग मीठ विसरून यायचे." म्हणजे तो मुद्दा कुठला होता ते तुमच्याबरोबरच गेलं. आयोजकांनी विचारलं, सत्र पुढे ढकलायचं, की मी एकटीच बोलणार? मी कळवून टाकलं की रद्दच करा. मी एकटी उभी राहून कंपन्यांची बाजू मांडायची, समोरून कुणी "मंग थो पैसा गेला कुठी" म्हणणार नाही, हा विचारच मला सहन होईना.

त्याच संध्याकाळी हरलीन काकूंना भेटायला आली. तुमच्या हाताखाली शिकलेली, आता कर आकारणीचं काम बघते. चहा घेतला नाही, थेट माझ्यापाशी आली.

"मॅम, आपने कैंसल क्यूँ किया? सर को पता चलता तो डाँटते."

"उनकी तरफ़ से बोलेगा कौन? आप बोलेंगी?"

"मैं तो जूनियर हूँ जी, मुझे पूरी बात पता भी नहीं." मग ती माझ्या शेजारी टेकली. "मॅम, सर हमें ऑर्डर लिखने से पहले खड़ा करते थे. कहते थे, पहले सामने वाले की तरफ़ से बोलो. इतना अच्छा बोलो कि वो ख़ुद ताली बजाए. उसके बाद भी टैक्स बनता हो, तब लिखो."

हे मला माहीतच नव्हतं काका. माझ्यासमोर कधी एक इंच मागं न हटणारा माणूस कार्यालयात पोरांना समोरच्याच्या बाजूनं उभं करत होता! मी काकूंकडे बघितलं. त्या पदरानं डोळे पुसत होत्या, पण आवाज ठाम होता. "मग तूच बोल की यांच्या बाजूनं."

"काकू, मी कंपनीची माणूस."

"मग गच्चीवर हिवाळाभर काय ऐकत होतीस?"

आयोजकांना कळवलं की सत्र होऊ दे, तुमच्या जागी मी बोलेन. मग मुंबईच्या आमच्या साहेबांना फोन करून सांगितलं. "म्हणजे आपल्या विरुद्ध बोलायला आपलाच माणूस?" हो म्हटलं. त्यांना ते रुचलं नाही, पण तुमच्याबद्दल मी इतकं बोलले असेन त्यांच्याशी, की ते नाहीही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "शेवटी आपलंही मांडा म्हणजे झालं."

सत्रात आधी तुमची बाजू मांडली. वाटलं होतं की तुमचे मुद्दे ओळीनं वाचावेत आणि मोकळं व्हावं. पण तुमची बाजू वाचून दाखवायची नसते, ती भांडायची असते. हिंदीत सुरुवात केली आणि तुमचाच सूर लागला. इतकी वर्षं राखीव फुगवलीत, तेव्हा आकडा खरा होता, आता खोटा कसा? मोजमाप तुमच्याच अ‍ॅक्चुअरीचं, सही तिची, मग तक्रार आमच्याकडे का? अधिकारी खूश होऊन माना डोलवायला लागले. विमावाल्यांचे चेहरे उतरले. एक जण शेजाऱ्याला म्हणालेला मला ऐकू आला, "ही नक्की कुणाची आहे?"

आणि मग मी गच्चीवर तुम्ही नेहमी ऐकवायचा ते वाक्य घेतलं. कर मापावर असतो, राखीव किती मोजली त्यावर. माप बदललं की कर बदलतो. माप उतरलं, उरलेल्यावर कर द्या. एवढं बोलले आणि पुढचं वाक्य आपोआप जिभेवर आलं: उद्या व्याजदर घसरले, बाजूला ठेवलेल्या पैशावर कमी मिळायला लागलं, माप पुन्हा चढलं, राखीव वाढवावी लागली, तर खातं तितकाच कर तितक्याच तत्परतेनं सोडून देईल, परतही देईल.

काका, हे वाक्य मला तुमच्या तोंडी घालवेना. तुम्ही ते बोलला नसता. खात्याच्या वतीनं जे पाळता येणार नाही असं वचन तुम्ही कधी दिलं नसतं. सरकारला एका वर्षी घबाड आणि पुढच्या वर्षी खड्डा, असं माप खात्यालाच परवडणारं नाही. मी गप्प झाले. हॉलमध्ये सगळ्यांना वाटलं की मला भरून आलं आहे. आलंही होतं, पण त्यामुळे थांबले नव्हते. तुमचा मुद्दा पुढे जात नाही अशी एक जागा मला सापडली होती, आणि तिथं तुम्ही हिवाळाभर एकटे उभे होता. मी मात्र विषय बदलत बसले होते.

मग मी म्हटलं, खात्याची बाजू इथपर्यंत जाते. ज्यांची बाजू मी मांडतेय त्यांनी मला सांगितलं होतं की या सभेत ते एक गोष्ट मान्य करतील. माझ्या समजुतीप्रमाणे ती ही. एका दिवसाच्या मापावर एकदम कर घेणं खात्याच्याही हिताचं नाही. ती रक्कम वचनं जशी फिटत जातील तशी, पुढच्या वर्षांत विभागून धरावी. उतरली तरी तीच रीत, चढली तरी तीच.

त्यानंतर माझ्या खुर्चीवर जाऊन माझी बाजू मांडायची होती. मांडली, पण तुमच्याकडून एवढं वसूल केल्यावर मलाही हात आखडता घेता येईना. मी सरळ म्हटलं की त्या फुगवलेल्या राखीव रकमेमुळे आमचा कर लांबणीवर पडला होता, आणि लांबणीवर पडलेला म्हणजे माफ झालेला नव्हे. तो द्यायचाच आहे. आमचे एक-दोन विमावाले अस्वस्थ झाले, पण कुणी उठून नाही म्हटलं नाही.

हरलीननं हात वर केला. तिला वाटलं मी वाद न घालता मान्य करीन. "मॅम, बाँट के लेंगे ठीक है, पर कितने साल में? कंपनी कहेगी पचास साल!" सगळे हसले. मी उत्तर दिलं, तिनं ते खोडलं, मी पुन्हा दिलं. तिचं खोडणं थेट तुमचं होतं. चहा गार झाला तरी आमचं चाललंच होतं. शेवटी सूचना पाठवणाऱ्या गटातले गृहस्थ म्हणाले, दोन्ही बाजू एकाच टिपणात लिहून द्या, असं टिपण आजवर आमच्याकडे आलेलं नाही. हरलीन आणि मी मिळून ते लिहितोय. वर्षं किती, यावर आमचं अजून जमलेलं नाही. ते मान्य होईल की नाही, कुणाला ठाऊक. पण एकाच कागदावर तुमचं खातं आणि माझी जमात बसली आहे, आणि कुणी उठून गेलेलं नाही.

काकू बऱ्या आहेत. दुपारी मी जाते, त्या सत्राचं सगळं पुन्हा पुन्हा विचारतात. कालही विचारलं, "यांना मान्य करायचा होता तो मुद्दा हाच होता का गं?"

मला माहीत नाही काका. वाटतं की हाच असावा. पण तुम्ही खोडकर माणूस, दुसरंच काही तरी मनात धरून बसला असाल. तसं असेल, तर त्या हिवाळ्यात आणखी कुठं तरी माझं बरोबर होतं. ते मी शोधतेय.